बाकी

जर्मनीची सरहद्द तिथून दीड कोसावर.
गावात डुकराच्या केसांचे ब्रश करणारे पाच कारखाने,
आणि कारखान्यांत अशी माणसं,
ज्यांच्या सात पिढ्या डुकराला शिवल्या नव्हत्या.
विल्कोव्स्की मालक म्हणायचा,
सोवळं खाण्यापुरतं. मजुरीला कसला विटाळ?

डाव्या मुठीत केसांची जुडी धरायची,
उजव्या हातानं पोलादी फणीतून ओढायची.
फणी सटकली की डावा हात फाटतो.
पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत
गावातले सगळे डावे हात असे, चिंध्या बांधलेले.
पुढं पुस्तकांतून कळलं,
कुठल्याशा सभागृहात अध्यक्षाच्या डावीकडे बसायचे
म्हणून डावे.
असेल. गावाला ते फारसं पटलं नाही.

सुरुवात कुठून झाली म्हणाल
तर एका मेलेल्या राणीपासून.
नोत्केला वकिलाच्या रद्दीत सापडला
शंभर वर्षांपूर्वीचा तिचा कायदा:
कारागिराला दिवसाचे बारा तास, जेवणाची सुट्टी धरून.
कुणी रद्द केला नव्हता. कुणी पाळलाही नव्हता.
चौदा जणांनी फण्या खाली ठेवल्या,
चौकीवर गेले, टोप्या हातात घेऊन म्हणाले,
साहेब, आम्हाला कायदा हवाय.
साहेबानं नऊ जणांना आत टाकलं.

उरलेले पाच आणि बाहेरगावाहून आलेला कोपेलेविच,
अमावास्येच्या आदल्या रात्री
श्प्रिंत्सेच्या माडीवर.
श्प्रिंत्से जिन्याच्या वरच्या पायरीवर,
मांडीत व्यापाऱ्याचं बदक, पिसं उपटत.
बुटांची चाहूल लागली की तिनं खोकायचं,
एवढंच काम तिला सांगितलेलं.

आत नाव ठरत होतं.
'कामगार' यावर वाद नव्हता.
'क्रांतिकारी'वर दिव्यातलं निम्मं तेल गेलं,
'लोकशाही'वर उरलेलं.
झेलिक म्हणाला, ते पोट भरलेल्यांचं बोलणं.
आधी भाकरी.
कोपेलेविच म्हणाला, भाकरी वाटणाऱ्याला
कुणी जाब विचारला नाही
तर उद्या आपल्यातलाच एखादा विल्कोव्स्की होईल.
हात वर. तीन आणि तीन.

तेवढ्यात जिन्यावरून: चार.
तिचा डावा हात वर, चिंधीला पिसं चिकटलेली.
चार कुणाच्या बाजूनं, हे कुणी विचारलंच नाही.
प्रश्न निघाला तो असा,
की दाराबाहेर बसलेलं माणूस बैठकीत धरायचं का.
त्यावरही मतदान झालं.
तीन आणि तीन.

श्प्रिंत्से म्हणाली,
चहाच्या डब्यात दर शुक्रवारी मी तीन कोपेक टाकते.
डबा मला कधी म्हणाला नाही,
बाई, तू आतली की बाहेरची?
नोत्केला हसू आलं.
झेलिक हसला नाही. वातीवरची काजळी
नखानं उडवत बसला जरा वेळ,
मग म्हणाला, पुन्हा घ्या.

आधी चार-दोन. मग, नावावर, चार-तीन.
झेलिक दोन्हीकडे होता, एकदा जिंकला, एकदा हरला.

लिहायला टाक मिळेना.
कोपेलेविचचा बुटात लपवताना मोडलेला.
तिनं पंखातलं एक लांब पीस निवडून दिलं,
नोत्केनं ते तासलं, काजळी पाण्यात कालवली,
आणि पक्ष कागदावर उतरला, थोडा तिरका,
कारण टेबलाचा एक पाय आखूड होता.

सकाळी व्यापाऱ्याच्या बायकोनं पिसं तोलली.
बदक त्यांचं, पिसं त्यांची,
हिची फक्त बोटं.
एका पिसानं काटा हलतो?
हलला म्हणाली ती. तीन कोपेक कापले.

पक्षाच्या वहीचं पहिलं पान वर्गणीचं आहे.
सहा नावं, सहा खुणा.
त्याखाली सातवं, त्याच तासलेल्या पिसानं लिहिलेलं:
श्प्रिंत्से. तीन कोपेक. बाकी.